रविवारीच डोकं का उठतं?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इतरांनाही संदर्भ लागावा म्हणून आधी थोडक्यात मांडते. तुमचं वय ३४, परभणी जिल्ह्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहात. डी.एड.ला असल्यापासून अर्धशिशी आहे. आता महिन्यातून सहा-सात वेळा डोकं उठतं, उलटी होते, उजेड सोसत नाही. एमआरआय केला, तो नॉर्मल आला. डॉक्टरांनी ‘टेन्शनमुळे आहे, टेन्शन घेऊ नका’ असं सांगून रात्री घ्यायची एक गोळी लिहून दिली. मोबाइलवर शोधल्यावर कळलं की ती डिप्रेशनची गोळी आहे, म्हणून तुम्ही ती सुरूच केली नाही. सासूबाई म्हणतात, पाहुणे आले की हिचं डोकं बरोबर दुखतं. आणि तुम्ही विचारता: हा आजार मानसिक आहे का? असेल, तर शाळेला सुट्टी असताना, काहीच टेन्शन नसताना, नेमकं रविवारी का दुखतं?

मी लातूरला फिजिशियन आहे, ओपीडीत बसून २२ वर्षं झाली. तुम्हाला न तपासता निदान करणं बरं नाही, गोळी बदलून सांगणं तर नाहीच. पण तुम्ही लिहिलेलं चित्र मायग्रेनच्या, म्हणजे अर्धशिशीच्या, व्याख्येत चपखल बसतं. झटका ४ ते ७२ तास चालतो, बहुतेकदा एकाच बाजूला, ठणकतं, चार पायऱ्या चढलं तरी वाढतं, सोबत मळमळ, आणि उजेड-आवाज नकोसा होतो. यासाठी एमआरआयमध्ये काही सापडावं लागत नाही. मायग्रेनमध्ये तो नॉर्मलच अपेक्षित असतो. ‘रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे दुखणं खोटं’ असा हिशोब घरात कुणी लावला असेल तर तो साफ चूक आहे.

माझ्या मते तुमचा खरा प्रश्न ‘मानसिक की शारीरिक’ हा नाही. हे दुखणं माझ्या स्वभावाचा दोष आहे का आणि मी टेन्शन घेणं सोडलं तर ते जाईल का, असं तुम्हाला विचारायचंय. दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असं आहे. पण ताणाचा काही संबंधच नाही, असंही म्हणता येत नाही. सुरुवातीच्या वर्षांत मीसुद्धा गोळी लिहायची आणि वर ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणायची. एकदा एक बाई पदर कपाळावर घट्ट ओढून शांतपणे म्हणाली, “मी कुठं घ्यायलेय मॅडम? तेच घरात येऊन बसायलंय.” त्या दिवसापासून ते वाक्य मी सोडलं. आता विचारते, तुमचा दिवस कुणाच्या हातात आहे? जेवायचं कधी, झोपायचं कधी, पाठ टेकायची कधी, हे घरात कोण ठरवतं? अर्धशिशीत मला या प्रश्नाइतका उपयोगी दुसरा प्रश्न सापडलेला नाही. का, ते सांगते.

विहिरीवरची मोटर तुम्ही पाहिलीच असेल. एखादा स्टार्टर असा हळवा असतो की व्होल्टेज जरा खाली गेलं तरी पडतो आणि जरा वर गेलं तरी पडतो. त्याच लाइनवर शेजारच्याची मोटर बिनघोर चालते. मायग्रेनचा मेंदू त्या हळव्या स्टार्टरसारखा असतो, आणि तो जन्मतःच तसा असतो. जुळ्यांच्या अभ्यासांवरून यातला साधारण निम्मा वाटा आनुवंशिक धरतात. झटका सुरू होताना आधी मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस जागा होतो. भूक, झोप, तहान, संप्रेरकं सांभाळणारा भाग तोच. मग ट्रायजेमिनल नावाच्या नसेची टोकं मेंदूच्या आवरणाभोवती सीजीआरपी नावाचं रसायन सोडतात आणि ठणका सुरू होतो. नाटक करून कुणाला सीजीआरपी वाढवता येत नाही. आणि हे काही विरळा दुखणं नव्हे. शेजारच्या कर्नाटकात घरोघरी जाऊन केलेल्या पाहणीत १८ ते ६५ वयाच्या दर चार माणसांत एकाला वर्षभरात मायग्रेनचा त्रास झालेला दिसला. बायकांमध्ये प्रमाण पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट असतं.

स्टार्टर हळवा, ही झाली एक गोष्ट. आज लाइन का हलली, ही दुसरी. आणि महिन्यातून दोनदा पडणारा स्टार्टर पंधरा-वीस वेळा का पडायला लागला, ही तिसरी. या तिन्ही वेगळ्या ठेवायच्या, नाहीतर सगळंच ‘टेन्शन’च्या खात्यावर जमा होतं.

आता रविवार. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत बाराशेवर मायग्रेनच्या रुग्णांना झटका कशानं येतो ते विचारलं होतं. जवळपास ८० टक्क्यांनी ताण सांगितला, ५७ टक्क्यांनी उपाशी राहणं, ५० टक्क्यांनी झोपेची गडबड. पण ताण म्हणजे ताण चढणंच असं नाही. २०१४ मधल्या एका अभ्यासात रुग्णांना रोजच्या ताणाची डायरी ठेवायला लावली. झटक्याची शक्यता सगळ्यात वाढलेली दिसली ती ताण उतरल्यावर, पहिल्या सहा तासांत जवळजवळ पाच पट. अभ्यास लहान होता, १७ जणांच्याच नोंदी होत्या, त्यामुळे हा आकडा काळ्या दगडावरची रेघ समजू नका. ओपीडीत मात्र हे रोज दिसतं. दहावीचे पेपर तपासून संपले की, तपासणीचं पथक गेलं की, लेकीचं लग्न पार पडून मांडव उतरला की दुसऱ्या दिवशी डोकं बांधून बाई हजर.

तुमचा आठवडा डोळ्यांपुढे आणून बघा. सोमवार ते शुक्रवार पहाटे पाचला उठणं, शनिवारी सकाळची शाळा, दुपारी घरी आलात की सगळी गाठ सैल होते. रविवारी दीड-दोन तास उशिरा जाग येते. त्यामुळे रोजचा साडेपाचचा चहा आठला होतो आणि कॅफिनची सवय लागलेल्या मेंदूला तो उशीर कळतो. नाष्टा तर अकराला, कारण साचलेली धुणी आधी. वर त्याच दिवशी डोक्यावरून अंघोळ. ‘केस धुतले की डोकं दुखतं’ असं बाया सांगतात तेव्हा बरेच डॉक्टर हसतात, मीही हसायची. पण मुंबईचे डोकेदुखीतज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी ९४ भारतीय रुग्णांमधली हीच तक्रार नोंदवून २००६ साली वैद्यकीय नियतकालिकात मांडली आहे. झोप, चहा, जेवण, ओले केस आणि उतरलेला ताण, एका सकाळीत लाइन पाच ठिकाणी हलली. टेन्शन नव्हतं हे खरंच. सारखेपणा नव्हता.

यावरून सासूबाईंच्या पाहुण्यांकडे येऊ. त्यांचं निरीक्षण बरोबर असणार, अर्थ तेवढा चुकला. पाहुणे आले की तुम्ही सगळ्यांना वाढून शेवटी तीनला जेवता, फोडणीचा ठसका आणि बोलण्याचा गलका चार तास चालू असतो, रात्री बाराशिवाय आवरत नाही. डोकं दुखायला एवढं पुरे आहे. अजून एक. झटक्याच्या आदल्या दिवशी पुष्कळांना विनाकारण चिडचिड होते, जांभया येतात, मान आखडते, काहीतरी गोड खावंसं वाटतं. घरचे म्हणतात ‘चिडली म्हणून डोकं दुखलं’. उलटं आहे ते. मेंदूत झटका सुरू झालेला असतो, चिडचिड ही त्याची पहिली पायरी. हे कळल्यावर नवरा-बायकोची निम्मी भांडणं मिटलेली मी पाहिली आहेत. निदान डोकेदुखीवरची तरी.

आपल्याकडे अर्धशिशीचं अर्धं आयुष्य ‘पित्त’ या नावाखाली जातं. उलटी झाली की हलकं वाटतं, म्हणून पित्तच, असा समज. झटक्यात जठराचं काम मंदावतं, त्यानं मळमळ होते. पोटात गेलेली गोळीही तिथंच पडून राहते, म्हणून ती ‘लागू पडत नाही’. झटक्याची गोळी पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात घ्या आणि लागल्यास डॉक्टरांना विचारून उलटीची गोळी सोबत घ्या, असं मी सांगते ते यासाठी. उपासाचंही तसंच. चतुर्थी सोडा असं मी कुणाला म्हणत नाही, म्हटलं तरी कोण ऐकतंय. पण चंद्रोदयापर्यंत निर्जळी नको. दर तीन तासांनी काहीतरी पोटात जाऊ द्या.

आता मूळ मुद्दा. मायग्रेनच्या मेंदूला सारखेपणा हवा असतो, हे कुठलाही डॉक्टर सांगेल. पण ज्याच्या दिवसावर त्याचा स्वतःचा ताबा आहे त्यालाच सारखेपणा परवडतो. सामाजिक कारणं म्हणतात ती मला इथं दिसतात.

दिवाळी झाली की बीडकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांना निघतात. मुकादमाची उचल आधीच खर्चून झालेली असते. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, त्यामुळे बाईनं खाडा केला तर जोडीचाच खाडा आणि वर दंड. पहाटे तीनला भाकरी, दिवसभर उसाचा फड, रात्री गाडी भरायला आली की पुन्हा उठायचं. अशा बाईला मी ‘रोज ठरलेल्या वेळी झोपा’ असं लिहून देऊ? २०१९ साली सरकारी समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. पाळी आपोआप गेल्यावर पुष्कळ बायकांची अर्धशिशी शांत होते. पण पिशवीसोबत अंडाशयही काढली असतील तर संप्रेरकं एकदम कोसळतात आणि डोकेदुखी उलट बळावू शकते. पस्तिशी-चाळिशीतल्या अशा बाया ‘ऑपरेशन झाल्यापासून डोकं फुटायलंय’ म्हणत येतात. त्यांच्या आजाराला शारीरिक म्हणायचं, मानसिक की सामाजिक, हे मला ठरवता येत नाही. ठरवायची गरजही पडत नाही.

लातूरकरांना २०१६चा उन्हाळा आठवत असेल, मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं तो. त्या दिवसांत टँकर केव्हा येईल याचा नेम नसे. गल्लीत रात्री दीडला भोंगा वाजला की बाया घागरी घेऊन पळत. मग चारपर्यंत भरणं, सहाला पुन्हा उठणं. वर पाणी पुरवायचं म्हणून स्वतः कमी प्यायच्या. झोप कमी, पाणी कमी, बाहेर रणरणतं ऊन. त्या एप्रिल-मेमध्ये माझ्याकडे येणाऱ्या जुन्या मायग्रेनच्या बायांना मी औषध वाढवत होते. औषध बरोबर होतं, पण भोंगा कुठल्याच औषधाला ऐकत नव्हता.

तुमच्या नोकरीचा भागही यातलाच. शिकवण्यानं डोकं दुखतं अशी तक्रार घेऊन आलेला शिक्षक मला फारसा आठवत नाही. बीएलओ म्हणून करायची मतदारांची यादी, पोषण आहाराचा हिशोब, रात्री साडेनऊला ग्रुपवर ‘माहिती तात्काळ सादर करावी’, आणि तालुक्याच्या बैठकीला जाण्यात बुडालेलं दुपारचं जेवण, या तक्रारी मात्र भरपूर. फिनलंडमध्ये सरकारी नोकरीतल्या एकोणीस हजारांवर महिलांच्या पाहणीत असं दिसलं की जिथं कष्ट जास्त आणि त्या मानानं मोबदला-मान कमी, तिथं नव्यानं मायग्रेन सुरू होण्याचं प्रमाण काहीसं अधिक आहे. फार मोठा फरक नव्हता, पण होता. गरिबीचंही तसंच. अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीत कमी उत्पन्नाच्या घरांत मायग्रेन जास्त सुरू होतो असं आढळलं. एकदा सुरू झालेला थांबण्याचं प्रमाण मात्र गरीब-श्रीमंतांत सारखंच निघालं. म्हणजे आजारपणानं माणूस गरीब होतो एवढंच खरं नाही, हलाखीची परिस्थितीही आजार जागा करते.

पुरुषांबद्दल दोन ओळी. डोकं दुखतं हे सांगणं आपल्याकडे बाप्यांना शोभत नाही, त्यामुळे ते उशिरा येतात. कर्ज, सोयाबीनचा भाव, पोरीचं लग्न यातलं काही ते सांगत नाहीत, ‘उन्हानं असंल’ म्हणतात. तोवर खिशात गोळ्यांची पाकिटं आणि रात्रीची दारू दोन्ही मुरलेली असतात.

आता मनाकडे. हे मुद्दाम शेवटाकडे ठेवलं, कारण आधी लिहिलं असतं तर तुम्ही ‘म्हणजे मानसिकच ना’ म्हणून पान मिटलं असतं. मायग्रेन असणाऱ्यांत नैराश्य इतरांपेक्षा साधारण दुप्पट-अडीचपट आढळतं, चिंतेचा विकार त्याहून जास्त. आणि हे दोन्ही बाजूंनी चालतं. मायग्रेनवाल्यांना पुढं नैराश्य येण्याची शक्यता अधिक, नैराश्य असणाऱ्यांना पुढं मायग्रेन सुरू होण्याची शक्यताही अधिक. एकानं दुसऱ्याला जन्म दिला असं म्हणण्यापेक्षा दोघं एकाच घरातले भाऊ आहेत असं समजा. एकाकडं दुर्लक्ष केलं तर दुसरा वठणीवर येत नाही, एवढं मी अनुभवानं सांगते.

लहानपणाचाही धागा आहे. मोठ्या पाहण्यांमध्ये मारहाणीपेक्षाही भावनिक छळाचा, म्हणजे सतत घालूनपाडून बोलणं, नकोशी असल्यासारखं वागवणं, याचा मोठेपणीच्या मायग्रेनशी ठळक संबंध दिसला. संबंध म्हणजे कारण नव्हे, हे लक्षात ठेवा. माझ्याकडे एक गृहस्थ येतात. ३० सप्टेंबर १९९३ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. आजही पहाटे चारच्या सुमाराला त्यांना जाग येते आणि झटका बहुतेकदा त्याच वेळी सुरू होतो. भूकंपानं मायग्रेन झाला असं मी म्हणणार नाही, त्यांच्या आईलाही अर्धशिशी होती. पण त्यांची झोप कुठं मोडते हे कळल्यावर उपचार झोपेपासून सुरू करता आले.

म्हणून मी प्रत्येक जुन्या डोकेदुखीवाल्याला दोन प्रश्न विचारते, तुम्हीही स्वतःला विचारा. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस मन उदास, भकास वाटलं का? एरवी आवडणाऱ्या गोष्टींतही रस वाटेनासा झालाय का? एकाचं जरी उत्तर ‘हो’ असेल तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा. घरात कुणाची भीती वाटते का, हा प्रश्न मी सोबतच्या माणसाला बाहेर पाठवूनच विचारते. रक्तदाब घ्यायचाय म्हणून बाहेर काढते, हे आता सांगायला हरकत नाही. आणि जगणं नको वाटत असेल तर वाट बघायची नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. महिलांसाठी १८१ आहे.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट सुटलीय, आणि मला तीच सगळ्यात जास्त टोचतेय: महिन्याला दुखण्याच्या गोळ्या किती? दोन वर्षांपूर्वी एक बाई आपलं भिंतीवरचं कॅलेंडर गुंडाळी करून घेऊन आल्या होत्या. मी डोकेदुखीच्या तारखा लिहून आणायला सांगितल्या होत्या. त्यांनी वेगळी वही केलीच नाही. दुधाचा हिशोब ज्या चौकोनांत निळ्या पेनानं ‘१’, ‘१’, ‘दीड’, ‘खाडा’ असा लिहिला होता, त्याच चौकोनांत लाल पेनानं फुल्या मारल्या होत्या. एक फुली म्हणजे किराणा दुकानातून आणलेली एक गोळी. आम्ही दोघींनी टेबलावर कॅलेंडर पसरून फुल्या मोजल्या. १९ दिवस. त्यांनाही तो आकडा नवा होता, त्यांच्या अंदाजानं ‘आठ-दहा’ असतील. शनिवार-रविवारी दोन-दोन फुल्या होत्या, आणि दूध ‘दीड’ म्हणजे पाहुणे, त्या दिवशी हटकून.

साधी वेदनाशामक गोळी महिन्यात १५ किंवा अधिक दिवस, आणि कॅफिन वगैरे मिसळलेली किंवा ट्रिप्टान गटातली (खास मायग्रेनच्या झटक्यावरची) गोळी १० किंवा अधिक दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं तर गोळीच डोकेदुखी वाढवायला लागते. तिसरी गोष्ट म्हणाले होते ना, दोनचे वीस कसे होतात, त्यातला मोठा वाटेकरी हा. दरवर्षी झटक्याझटक्यानं मायग्रेन असणाऱ्यांपैकी अडीच-तीन टक्के लोकांचा त्रास महिन्यात १५ दिवसांच्या वर जातो. त्यांना ढकलणाऱ्या गोष्टींत गोळ्यांचा अतिरेक, नैराश्य, अपुरी झोप, घोरणं, वाढलेलं वजन, आयुष्यातले मोठे धक्के आणि कमी उत्पन्न हे सगळं सापडतं. ज्या बाईला झोपायला सुट्टी नाही ती गोळी खाऊन उभी राहते. गोळ्यांचा अतिरेक हासुद्धा पुष्कळदा तिथूनच येतो, आळसातून किंवा व्यसनातून नव्हे.

तुमच्या चिठ्ठीतली अमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅम. ती नैराश्यावरची जुनी गोळी आहे, खरं आहे. पण नैराश्यासाठी तिचा डोस बहुधा ७५ मिलिग्रॅमच्या पुढं जातो. १० ते २५ मिलिग्रॅमला ती झटके कमी करायला वापरतात, आणि ज्यांना नैराश्य अजिबात नाही त्यांच्यातही ती काम करते. प्रोप्रानोलॉल ही मुळात हृदयाची-रक्तदाबाची गोळी, टोपिरामेट फिटची, दोन्ही मायग्रेनला वापरतात. म्हणून कुणी मायग्रेनवाला फिटचा पेशंट होत नाही. डॉक्टरांनी हे दोन वाक्यांत सांगायला हवं होतं. ओपीडीत बाहेर साठ माणसं असली की ते राहून जातं, माझ्याकडूनही राहतं. पुन्हा जाऊन विचारा. दमा, काचबिंदू, हृदयाचा त्रास असेल, गरोदरपणाचा विचार असेल तर आधी सांगा. सुरू केलीत तर पहिले काही दिवस तोंड कोरडं पडेल, सकाळी जडपणा वाटेल. गुण कळायला सहा-आठ आठवडे लागतात, चार दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून सोडू नका.

नुसती गोळीही पुरत नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत प्रोप्रानोलॉलच्या गटातल्या गोळ्या आणि ताण हाताळायचं प्रशिक्षण दोन्ही एकत्र दिलं तेव्हाच फरक ठळक पडला, एकेकट्यानं नाही. दिल्लीच्या एम्समध्ये औषधांसोबत योगासनं शिकवून केलेल्या चाचणीत तीन महिन्यांनी नुसत्या औषधांपेक्षा झटके जास्त कमी झाले. २०२०मध्ये ती प्रसिद्ध झाली. तेव्हा शिथिलीकरण, श्वासाचे प्रकार, समुपदेशन याला ‘मनाचे चोचले’ समजू नका. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, तिथं केसपेपर काढला म्हणून वेडाचा शिक्का बसत नाही.

तुमच्या जागी मी काय केलं असतं? सगळा दिवस ताब्यात येणार नाही हे धरून चालले असते आणि दोनच खुंट्या पक्क्या ठोकल्या असत्या: उठायची वेळ आणि सकाळचं पहिलं खाणं. रविवारीसुद्धा पाच नाही तर सहाला उठा, चहा-पोळी खा, आणि वाटलं तर दुपारी वीस मिनिटं पडा. केस शनिवारी दुपारी धुवा आणि वाळल्याशिवाय बांधू नका. बैठकीला जाताना पर्समध्ये फुटाणे-गूळ आणि पाण्याची बाटली असू द्या. पाहुणे आले तर सगळ्यांना वाढण्याआधी उभ्यानं का होईना एक भाकरी खाऊन घ्या, कुणाला सांगायची गरज नाही. रात्री नऊनंतर ग्रुप म्यूट करा, मुख्याध्यापकांचा फोन तेवढा चालू ठेवा.

काही गोष्टींत मात्र हे सगळं वाचत बसू नका, थेट दवाखाना गाठा. आयुष्यात पहिल्यांदाच एका क्षणात वीज पडल्यासारखं दुखणं, तापासोबत मान ताठ होणं, हात-पाय किंवा बोलणं अडखळणं, डोक्याला मार लागल्यानंतरचं दुखणं, गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर नव्यानं सुरू झालेलं, पन्नाशीनंतर पहिल्यांदा सुरू झालेलं. झटक्याआधी डोळ्यांपुढं चमकत्या रेषा दिसत असतील तर पाळी लांबवायच्या किंवा गर्भनिरोधक गोळ्या विचारल्याशिवाय नकोत, आणि तंबाखू-मिश्री तर नकोच.

राहिल्या सासूबाई. पुढच्या तपासणीला त्यांनाच सोबत न्या. माझ्याकडे मागच्या वर्षी अशीच एक जोडी आली होती. सासू खुर्चीच्या कडेवर बसून सुनेच्या तक्रारी सांगत होत्या: हिला झोपायला निमित्त लागतं, आमच्या वेळी डोक्याला फडकं बांधून आम्ही पाच माणसांच्या भाकरी थापल्या. मी विचारलं, “फडकं कशासाठी बांधायचात?” त्या थांबल्या. मग म्हणाल्या, “एका अंगाचं कपाळ उठायचं. उलटी व्हायची. पाळी गेली अन् बंद झालं बघा.” सून त्यांच्याकडे बघत राहिली. सासूबाईंनी पिशवीतून सुनेची फाइल काढून माझ्यापुढं सरकवली आणि विचारलं, “मग ही रात्रीची गोळी जेवणाआधी द्यायची का नंतर?”